कायदा २००१ पासूनच होता
सीरियन निर्वासितांच्या वेळी युरोपीय महासंघाकडे एकदम मोठ्या संख्येने येणाऱ्यांना लगेच आसरा देणारा कायदाच नव्हता, म्हणून युक्रेनवाल्यांना जास्त सवलती मिळाल्या असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. कायदा होता की! बोस्निया-कोसोवोच्या युद्धांनंतर २००१ मध्येच तात्पुरत्या संरक्षणाचा नियम करून ठेवलेला, पण २०१५ ला लाखो लोक आले तरी तो कपाटातच, आणि मग ४ मार्च २०२२ ला, युद्ध सुरू होऊन जेमतेम आठ दिवस झाले तोच एकदम लागू. त्यामुळे युक्रेनवाल्यांना आश्रयासाठीच्या लांबलचक मुलाखती नाहीत, कामाची परवानगी, देशही पसंतीचा. सीरियनांना मात्र डब्लिन नियम, म्हणजे बहुतेकदा युरोपातल्या ज्या देशात पहिलं पाऊल तिथेच आश्रयाचा अर्ज (जर्मनीने मध्ये थोडी ढील दिली ते सोडा). अर्थात बायोमेट्रिक पासपोर्टवाल्या युक्रेनियनांना ९० दिवस व्हिसा लागतच नव्हता, अडवणार तरी कसे.