मदत हवी आहे: श्वास लांबवला की एचआरव्ही दुप्पट! खरा आकडा कोणता?

मंडळी, वय ४७, मुक्काम नागपूर. आठवड्यातून चार दिवस फुटाळा ते सेमिनरी हिल्स सायकल मारतो. फेब्रुवारीत हौसेनं नाडी मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा घेतला. रोज उठल्यावर गादीवरच बसून ५ मिनिटं एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार मोजतो. त्यातला आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांमध्ये पडणाऱ्या फरकाचा आकडा) २६ ते ३१ मिलिसेकंदांत असतो.

मंगळवारी मोजता मोजता सहज श्वास लांबवला, अनुलोम-विलोमात घेतो तसा. आकडा थेट ५८! सरासरी नाडी मात्र तीच, ६३. पट्टा कोरडा असेल म्हणून इलेक्ट्रोडला पाणी लावून परत घेतलं, तरी ५७.

त्यात ॲप लाल अक्षरांत सांगतंय, 'एलएफ-एचएफ गुणोत्तर वाढलं, ताण जास्त' (एलएफ म्हणजे नाडीतले संथ चढउतार, एचएफ म्हणजे जलद). शांत बसलेल्या माणसाला कसला ताण, भाऊ? बायको म्हणते, "तो पट्टा बांधून बसता ना, त्याचाच."

मोजताना श्वास कसा ठेवायचा? आणि प्राणायाम आधी की नंतर?

प्रतिसाद – धंतोलीकर
पट्टा ठीक आहे, दादा. श्वास आत घेताना हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नर्व्हचा ब्रेक सैल होतो, नाडी वाढते. सोडताना ब्रेक लागतो, ती मंदावते. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं हे १८४७ मध्येच नोंदवलंय. मिनिटाला १५ श्वास असतील तर एकाला ४ सेकंद मिळतात, ब्रेक धड लागतही नाही. ६ श्वास घेतले की १० सेकंद मिळतात. रक्तदाब सांभाळणाऱ्या बॅरोरिफ्लेक्सची लयही साधारण १० सेकंदांचीच. झोका परत येतो नेमका तेव्हाच धक्का दिल्यासारखं होतं. चढउतार मोठे होतात, सरासरी जागच्या जागी.

लाल अक्षरांचं म्हणाल तर, १९९६ मध्ये हृदयतज्ज्ञांच्या टास्क फोर्सनं आखलेल्या सीमा अजून चालतात: एलएफ ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ, एचएफ ०.१५ ते ०.४०, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वास. तुमचे लांबवलेले श्वास मिनिटाला ६ धरले तर ०.१ हर्ट्झ. श्वासाची अख्खी लहर एचएफच्या खात्यातून उठून एलएफच्या खात्यात गेली. ॲपला श्वास दिसत नाही, खातं दिसतं. या गुणोत्तराला 'ताण' म्हणणं मला तसंही पटत नाही.

आधी मोजा, मग प्राणायाम.

प्रतिसाद – संत्रीवाला
मग रोज ६ श्वास घेऊनच मोजलं तर काय बिघडलं? आकडा तर भारी येते ना!

प्रतिसाद – धंतोलीकर
कूलरसमोर थर्मामीटर धरून मे महिन्यात 'नागपुरात २८ अंश' म्हणा की मग! हळू श्वासाचा सराव चांगलाच आहे, पण काल झोप झाली का, चढ अंगावर आला का, हे त्या आकड्यातून कळणार नाही. ते श्वासाखाली दबून जातं.

धागाकर्ता
रविवारी करून पाहिलं. मी पेपर वाचत असताना बायकोनं चोरून श्वास मोजले: १४. मग पट्टा बांधून 'नेहमीसारखा' बसलो, तिनं परत मोजले, तर १०! आरएमएसएसडी ३७. लक्ष गेलं की श्वास आपोआप लांबतो हो. ६ च्या लयीत ६०. नंतर उठून चहा टाकला, गॅसपाशी उभा राहिलो, परत येऊन बसलो तर २९.

म्हणजे माझे आधीचे आकडे तरी कितपत धरायचे?

प्रतिसाद – धंतोलीकर
चहा उकळताना उभे होतात, तोही फरक पडतो. रोज बसून तर बसूनच. आधीच्या आकड्यांचा एकंदर कल बघा, एकेका दिवसाचा हिशेब सोडा. लक्ष हटत नसेल तर मेट्रोनोम १४ वर लावा, एका टिकेला एक श्वास, खोल न घेता. पहिलं मिनिट धरू नका.

धागाकर्ता
लावतो. तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा लागेल, टिकटिक ऐकूच येत नाही. बायकोला तुम्हीच सांगा.