पाळीव साप नेहमीपेक्षा जास्त लपू लागला तर : आपले अनुभव

लपून राहणे हा सापाचा स्वभावच आहे. लक्ष द्यायचे ते लपण्याची जागा अचानक बदलली तर. गोव्यात ज्यांनी परदेशी साप कायदेशीररीत्या पाळले आहेत, त्यांनी असा बदल आणि त्याचे कारण लिहावे. (देशी साप पाळण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे मनाई आहे, त्यामुळे घरात ठेवलेल्या धामणीचे कौतुक येथे नको.)

फोंडा : आमची बॉल पायथन मादी एरवी दिवे मालवताच डोके बाहेर काढते, गेल्या पावसाळ्यात मात्र ती लपायच्या डब्यातून हलेना आणि तिने उंदीरही नाकारला. विजेरीच्या उजेडात तिचे डोळे दुधी निळसर दिसले, तेव्हा ती कात टाकणार हे कळले. बाहेर धो धो पाऊस असला, तरी एसीमुळे खोलीतली हवा कोरडी पडली होती, त्यामुळे कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि शेपटीच्या टोकाशी तिचे एक बारीक कडे अडकून राहिले. असे कडे राहू दिल्यास तेथील रक्तपुरवठा थांबू शकतो. कोमट ओल्या कापडात शेपटी धरल्यावर ते सुटले. आता डब्यात ओलसर शेवाळ असते आणि पेटीतली आर्द्रता मी ६० टक्क्यांच्या आसपास राखतो.

म्हापसा : माझा कॉर्न स्नेक लपायची जागा सोडून पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसू लागला. उकाड्यामुळे असेल असे सगळे म्हणाले, परंतु पांढऱ्या कागदावरून त्याला सरकू दिल्यावर कागदावर उरलेले काळे ठिपके चालू लागले. ते गोचिडीच्या जातीचे बारीक किडे होते. पशुवैद्यांनी औषध दिले आणि काथ्याचा भुसा काढून काही काळ नुसता कागद अंथरायला सांगितले.

मडगाव : आमचा साप ऐन डिसेंबरात थंड कोपऱ्यातच दडून राही. तापमापक ठेवून पाहिले, तर थर्मोस्टॅट बिघडल्याने उबदार बाजू ४० अंशांच्या वर गेली होती. तेथे ३२ अंश पुरे.

वास्को : चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरले आणि आमचा बॉल पायथन भुशाखाली शिरला, तो पाहुणे गेल्यावरही वर येईना. त्याने खाणेही सोडले होते, तरीही त्याला उकरून काढण्याचा मोह आम्ही टाळला. दर आठवड्याला मात्र वजन केले आणि ते टिकून असल्यामुळे थांबलो. तो तोंड उघडून श्वास घेताना किंवा नाकाशी बुडबुडे आलेला दिसता, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेला असता.