चर्चा: ‘अफ्रेड’ म्हणजे ‘घाबरलेला’ असे शिकवावे का?

कृष्णाकाठ (सांगली):
मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मार्गदर्शिकांत ‘अफ्रेड’ या विशेषणापुढे ‘घाबरलेला’ एवढाच अर्थ छापलेला असतो, आणि मुले तो पाठ करून मोकळी होतात. मग ‘घाबरलेला मुलगा’ लिहायचे म्हटले की वहीत ‘ॲन अफ्रेड बॉय’ उमटतो. हे विशेषण नामाच्या आधी सहसा येत नाही. ‘द बॉय इज अफ्रेड’ असे क्रियापदानंतर येते, आणि नामाआधी ‘फ्रायटन्ड’ किंवा ‘स्केअर्ड’ घ्यावे लागते. म्हणून माझे मत असे, की हा शब्द ‘भिणे, भीती वाटणे’ असा क्रियापदाच्या अंगानेच शिकवावा.

अजिंक्यतारा (सातारा):
सर, रोगापेक्षा औषध भारी होईल. ‘भिणे’ असे शिकवले की मुले ‘आय अफ्रेड ऑफ डॉग्ज’ लिहितात आणि मधला ‘ॲम’ गळतो. उत्तरपत्रिकांत मला तुमच्या ‘अफ्रेड बॉय’पेक्षा हेच वाक्य अधिक भेटते. शिवाय ‘घाबरलेला’ हा अर्थ मुळाला धरूनच आहे. फ्रेंचमधून आलेल्या, घाबरवणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचे ते भूतकालवाचक विशेषण आहे. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांतला आरंभीचा ‘अ’ हे जुने शब्दयोगी अव्यय आहे. ‘अफ्रेड’चे कूळ वेगळे असले तरी वागणूक त्यांच्यासारखीच आहे. अर्थ बदलण्यापेक्षा नामाआधी न येणाऱ्या या शब्दांची पंगत एकदा फळ्यावर मांडावी, म्हणजे काम भागते.

कृष्णाकाठ:
‘ॲम’ गळण्याचे खापर माझ्या पद्धतीवर फोडू नका. तीच मुले ‘आय हॅपी’ असेही लिहितात. माझा खरा मुद्दा पुढचा आहे. ‘अफ्रेड टू’ आणि ‘अफ्रेड ऑफ’ यांतला फरक ‘घाबरलेला’ या शब्दातून कधीच सांगता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी ओलांडते, तेव्हा एखादा मुलगा घाटाच्या पायऱ्या उतरायला भितो. इथे भीतीपोटी तो ती कृती करायलाच धजत नाही, म्हणून ‘टू’. तोच ‘पाय घसरेल म्हणून भितो’ असे म्हटले, तर घसरणे ही त्याच्या हातातली गोष्ट नाही, म्हणून ‘ऑफ’ आणि पुढे ‘स्लिपिंग’. ‘उतरायला’ आणि ‘घसरेल म्हणून’ ही रूपे मुलाच्या तोंडात आधीच बसलेली असताना त्याला नियम पाठ करायला का लावायचा?

अजिंक्यतारा:
उदाहरण चोख आहे, पण मराठीच्या आधाराने सगळीकडे निभावत नाही. ‘मला मुलाची भीती वाटते’ या वाक्यात मुलगाच भीतिदायक आहे की त्याच्या जिवाचा घोर लागला आहे, हे संदर्भावाचून कळत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ऑफ’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ येते, आणि इथे तुमचे ‘भीती वाटणे’ही मुलाला चकवते. अशा ठिकाणी ‘काळजी वाटणे’ असेच सांगावे लागेल.

वाळव्याचा वाचक:
दोघांच्याही वादात नोकरीला लागलेल्या मुलांची खरी अडचण राहूनच गेली. आमच्याकडच्या एका मुलाला अर्जाचे उत्तर आले, त्यात ‘वी आर अफ्रेड’ अशी सुरुवात होती, आणि कंपनी आपल्याला का घाबरते, असे तो घरी विचारत होता! नकार किंवा नकोशी बातमी सौम्यपणे देण्याचा हा शिष्टाचार आहे. तिथे भीती औषधालाही नसते. आपण ‘माफ करा, जागा भरली आहे’ किंवा ‘क्षमस्व’ म्हणतो, तेच हे. ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ म्हणजे ‘नाही हो, जमणार नाही’. अनुवादित मजकुरात ‘मला भीती वाटते की आपली वेळ संपली आहे’ अशी वाक्ये दिसतात, ती याच अज्ञानातून येतात. कचेरीत हा अर्थ भीतीच्या अर्थाहून अधिक कानावर पडतो, म्हणून दहावीपर्यंत तो स्वतंत्रपणे शिकवावा.

कृष्णाकाठ:
हा प्रयोग स्वतंत्र शिकवावा, हे पटले. पण आधी भीतीचा अर्थ पक्का झाल्यावरच. ‘फॉर’पुढे ‘काळजी’ लिहायलाही हरकत नाही. ‘घाबरलेला’ मात्र मी फळ्यावर लिहिणार नाही.