मदत हवी आहे: लास वेगासला कामासाठी जाताना टेनपिन बोलिंगची हँडिकॅप स्पर्धा खेळायची आहे

दहावी_पिन

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे लास वेगासला मुक्काम आहे. दुसऱ्या शनिवारी तिथे यूएसबीसीची (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) मान्यता असलेली एक खुली स्पर्धा आहे, त्यात नाव द्यायचा विचार पक्का झालाय. पात्रता फेरी सहा गेमची, त्यातून पहिले सोळा पुढे. हँडिकॅप (कमी सरासरीवाल्याला गेममागे मिळणाऱ्या जादा पिन) 220 आणि आपली सरासरी यांतल्या फरकाच्या 90 टक्के. लेनवरच्या तेलाबद्दल पत्रकात 'स्पोर्ट पॅटर्न, 44 फूट' एवढंच लिहिलंय.

माझी माहिती: उजवा हात, अंगठा घालून टाकतो. 15 पाउंडचे तीन बॉल आहेत: एक सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह (लवकर पकड घेणारा), एक पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह (उशिरा वळणारा) आणि स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या पिन पाडायला, प्लॅस्टिक. सॉलिडला जुनं बॅलन्स होल (तोलासाठी पाडलेलं जादा भोक) आहे. पुण्यातल्या सेंटरवर सरासरी 185 पडते, पण ती कोणत्याही लीगमध्ये नोंदलेली नाही. व्हिसा बी-1 (कामाच्या भेटीचा).

विचारायचं ते असं: सरासरीचा पुरावा म्हणून काय द्यायचं? तिन्ही बॉल न्यावेत की तिथे घ्यावेत? बक्षीस मिळालंच तर व्हिसाची आणि कराची अडचण येते का? आणि या पॅटर्नवर खेळायचं कसं?

---

स्क्वॉड_ब

सगळ्यात आधी सरासरीचं बघा. बाकीचं आठवडाभरात उरकतं, हे उरकत नाही.

यूएसबीसीच्या हँडिकॅप स्पर्धांमध्ये धरतात ती मान्यताप्राप्त लीगमधली सरासरी, साधारण 21 किंवा जास्त गेमची. सेंटरच्या स्क्रीनवरचे आकडे किंवा स्वतःची वही तिथे चालत नाही. मान्य सरासरी नसलेल्याला काय धरायचं हे प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात 'सरासरी नसलेले खेळाडू' अशा कलमाखाली लिहिलेलं असतं. बऱ्याचदा त्याला स्क्रॅच धरतात, म्हणजे हँडिकॅप शून्य. तुमच्या बाबतीत हिशोब असा: 220 वजा 185 म्हणजे 35, त्याचे 90 टक्के 31.5, अपूर्णांक सोडून 31. सहा गेमना 186 पिन. एवढ्या पिन नुसत्या कागदावर जातील. म्हणून स्पर्धा-संचालकांना आजच मेल करा आणि थेट विचारा, की भारतातल्या संघटनेच्या स्पर्धांमधली सरासरी, गेमच्या संख्येसह आणि सही-शिक्क्यासह दिली तर चालेल का. राज्य संघटनेच्या किंवा टेनपिन बोलिंग फेडरेशनच्या स्पर्धांमध्ये खेळला असाल तर तिथले निकाल गोळा करा, पत्र इंग्रजीत घ्या. उत्तर येईल ते मेलवरच हवं. फोनवरचं 'हो' काउंटरवर कुणी ऐकत नाही.

मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं असेल तर प्रवेश अर्जात तेही लिहा. सरासरी किंवा बक्षिसं चुकीची लिहिली तर नंतर प्रवेश फी आणि बक्षीस दोन्ही जातात, आणि ही तपासणी पैसे देण्याआधी होतेच. यूएसबीसीचं सदस्यत्वही लागेल. ते ऑनलाइन आधी घेऊन ठेवा, क्रमांक अर्जावर टाकावा लागतो.

व्हिसा: अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बी-1 खाली अशा खेळाडूंचा उल्लेख आहे ज्यांना स्पर्धेतल्या बक्षिसाखेरीज पगार किंवा मानधन मिळत नाही. तुम्ही त्यात बसता. पण सीमेवर विचारलं तर कामाचं कारण पहिलं आणि स्पर्धा दुसरी, दोन्ही खरं सांगा. बॅगेत तीन बॉल असताना स्पर्धेबद्दल गप्प राहण्यात काही अर्थ नाही.

कर: अनिवासी माणसाच्या बक्षिसातून साधारणपणे 30 टक्के कापून देतात आणि नंतर 1042-एस नावाचा फॉर्म देतात. तो जपून ठेवा. इथलं विवरणपत्र भरताना कापलेल्या कराचं श्रेय मागायला तो लागतो.

---

तीन_अष्टमांश

बॉलबद्दल लिहितो.

बॅलन्स होल असलेला बॉल यूएसबीसीच्या स्पर्धेत 1 ऑगस्ट 2020पासून चालत नाही. पकडीसाठी वापरलं जातं तेवढंच भोक चालतं, आणि ते प्रत्येक फेकीला वापरलं गेलं पाहिजे. तुमच्या सॉलिडचं भोक बुजवून घ्या. बुजवल्यावर रेझिन पूर्ण घट्ट व्हायला निदान एक दिवस द्या, मग पृष्ठभाग सारखा करून तराजूवर स्टॅटिक वजन (बॉलच्या दोन बाजूंच्या वजनातला फरक) बघा. 10 पाउंडांवरच्या बॉलला कोणत्याही दिशेला 3 औंसांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे बहुतेक बॉल बुजवल्यावर नियमात बसतात. त्याच वेळी बॉलवरचा सिरियल नंबर, कंपनी आणि बॉलचं नाव वाचता येतंय का ते पाहा. वारंवार सँडिंग केलेल्या बॉलवर नंबर पुसट होतो आणि तपासणीच्या टेबलावर तेवढ्यावरून बॉल बाहेर ठेवतात. पुसट असेल तर तोच नंबर परत कोरून घ्या. यूएसबीसीच्या मंजूर बॉलच्या यादीत तिन्ही नावं शोधा, आणि या स्पर्धेने स्वतःची वेगळी बंदी-यादी लावली आहे का तेही विचारा. राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धांमध्ये कठीणपणाच्या कारणावरून काही बॉल वेगळे काढलेले आहेत.

सामान: 15 पाउंड म्हणजे 6.8 किलो. तीन बॉल 20.4 किलो, वर तीन बॉलची चाकांची बॅग चार-पाच किलो. 23 किलोच्या मर्यादेत हे बसत नाही. दोन नगांचं तिकीट असेल तर एका बॅगेत दोन बॉल, दुसऱ्या बॅगेत कपड्यांमध्ये एक. केबिनमध्ये न्यायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकी तपासणीत बॉल केबिनमध्ये चालतो, पण आपल्याकडे हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा 7 किलो असते. बॉल 6.8चा, पिशवी धरली की गेलीच वर. शिवाय एक्स-रेमध्ये आतला कोअर म्हणजे नुसता काळा गोळा दिसतो, म्हणून बॅग उघडायला लावतात. चेक-इन बॅगही याच कारणाने उघडली जाते, तेव्हा टीएसए कुलूप (अमेरिकी तपासणीवाल्यांना उघडता येणारं) लावा आणि प्रत्येक बॉल वेगळ्या टॉवेलमध्ये गुंडाळा. एकमेकांवर आपटले तर कव्हरला खोक पडते.

बॉल क्लीनरच्या बाटल्या नेऊ नका. बऱ्याच क्लीनरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते ज्वालाग्राही, विमानात काढून ठेवतील. तिथल्या प्रो शॉपमध्ये मिळतं. तसंही स्पर्धा सुरू झाल्यावर बॉलला द्रव लावता येत नाही, 2019पासून फक्त कोरडा टॉवेल चालतो. अ‍ॅब्रालॉन पॅडही (सँडिंगचं) खेळ सुरू होण्याआधीच. खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलला तर ते गेम बाद.

बॅग हातात आली की बॉल लगेच टाकू नका. विमानाच्या पोटातून आलेला बॉल थंड असतो. रात्रभर खोलीत राहू द्या. आणि वेगासच्या उन्हात गाडीच्या डिकीत बॉल अजिबात ठेवू नका. तापलेल्या कव्हरमधून शोषलेलं तेल घामासारखं वर येतं, आणि अंगठ्याच्या भोकापासून भेग जाऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अंगठा. मुंबई-पुण्याच्या दमट हवेतून कोरड्या वाळवंटात गेल्यावर अंगठा बारीक होतो. त्याच्या उलट, लांबच्या प्रवासानंतर पहिला दिवसभर तो सुजलेला असतो. म्हणजे एकाच आठवड्यात दोन मापं. बॉलच्या भोकात बदलता येणारा अंगठा (अंगठ्याची नळी) बसवलेला असेल तर सोबत एक 1/64 इंच मोठा आणि एक तेवढाच लहान ठेवा. नसेल तर टेप: आतल्या पुढच्या बाजूला खरखरीत, मागे गुळगुळीत, एकावर एक चार-पाच थर लावून ठेवायचे आणि गेमगणिक एकेक काढायचा किंवा वाढवायचा. अंगठा सैल असला की माणूस नकळत आवळतो, मग सुटका उशिरा होते आणि बॉल डावीकडे ओढला जातो. लोक याला 'लेन कळली नाही' म्हणतात. लेनचा यात काही दोष नसतो.

ड्रिल-शीट, म्हणजे भोकांच्या मापांचा कागद (स्पॅन, प्रत्येक भोकाचं माप, पुढचं-मागचं आणि आडवं पिच, पीएपी) छापून हातातल्या बॅगेत ठेवा. बूट, अंगठे, बोटांचे इन्सर्ट, टेपसुद्धा तिथेच. भोकाच्या कडा घासायची बेव्हल सुरी मात्र चेक-इनमध्ये.

तिथे नवा बॉल घेऊन स्पर्धा खेळावी का, तर माझं मत नाही. घ्यायचाच असेल तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे स्पर्धेआधी निदान दहा गेम टाकून अंगठ्याचं भोक थोडं मोठं करणं, कडा घासणं ही कामं होतील. जाताना विमानतळावर कस्टमकडून नेत असलेल्या बॉलचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेतलंत तर परतताना जुना-नवा वाद होत नाही. सिरियल नंबर तिथेही कामी येतो.

---

दहावी_पिन

दोघांनाही मनापासून धन्यवाद. मेल केला. उत्तर आलं की संघटनेच्या पत्रावर सरासरी धरतील, किमान 21 गेम हवेत. माझे 24 आहेत. पॅटर्नचा आलेखही पाठवला: लांबी 44 फूट, एकूण तेल 27 मिली, गुणोत्तर 2.6 ला 1. सॉलिडचा पृष्ठभाग आत्ता 3000 ग्रिटवर आहे (आकडा लहान तेवढा खरखरीत), पर्ल पॉलिश केलेला.

---

चव्वेचाळीस_फूट

आलेख मिळाला हे फार बरं झालं.

गुणोत्तर म्हणजे लेनच्या मधल्या बोर्डांवरचं (लेनच्या उभ्या पट्ट्या, उजव्या कडेपासून मोजायच्या) तेल भागिले बाहेरच्या बोर्डांवरचं. सेंटरच्या रोजच्या पॅटर्नवर ते दहाला एक असू शकतं: मध्ये तेलाचा ढीग, कडेला कोरडं. त्यामुळे उजवीकडे चुकलेला बॉल कोरड्यावर पकड घेऊन परत येतो आणि डावीकडे चुकलेला तेलावर टिकतो. 2.6 ला 1 वर यातलं काहीच होत नाही. उजवीकडे दोन बोर्ड चुकलात तर बॉल तिथेच राहतो, डावीकडे दोन चुकलात तर पहिल्या पिनच्या नाकावर जाऊन आदळतो आणि स्प्लिट (एकमेकींपासून लांब उरलेल्या पिन) उभा राहतो. 185ची सरासरी इथे 165-170ला आली तर घाबरू नका, बाकीच्यांचीही उतरते.

44 वजा 31, म्हणजे 13. हा ठोकताळा सांगतो की तेल संपतं तिथे बॉल साधारण तेराव्या बोर्डावर असावा. रोजच्या सवयीने पाचव्या-सातव्या बोर्डापर्यंत बाहेर काढाल तर तो परत येणार नाही. कोन कमी ठेवा. लेनवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाणाच्या मध्ये, तेराव्या-चौदाव्या बोर्डावरून जवळजवळ सरळ, आणि पॉकेटला (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधली जागा) साडेसतराव्या बोर्डावर.

लांब पॅटर्नवर मागे कोरडी जागा थोडीच उरते, 60 फुटांतली शेवटची 16. तेवढ्यात वळायला बॉलला लवकर पकड हवी. म्हणून सॉलिड 3000वरून 2000ला आणा, वेग जास्त असेल तर 1000ला. सुरुवात त्यानेच. पर्ल बॅगेत राहू द्या, तिसऱ्या-चौथ्या गेमनंतर लागेल.

केव्हा बदलायचं हे दहावी पिनच (मागच्या ओळीतली उजव्या टोकाची) सांगते. बॉल पॉकेटात व्यवस्थित गेला, दहावी उभी राहिली आणि तिच्या पुढची सहावी गटारात निवांत आडवी पडली, तर तो 'फ्लॅट टेन': बॉलची ताकद आधीच संपली होती. पुढचं तेल घासलं गेलंय. पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. दोनदा हलूनही तेच झालं तर पर्ल काढा. सहावी दहाव्या पिनच्या मानेभोवती फिरून गेली असेल तर लगेच हलू नका, तिथे ताकद असते, कोनात अगदी थोडा फरक असतो.

सराव साधारण दहा मिनिटांचा असतो आणि दोन लेनच्या जोडीवर चार-पाच जण, म्हणजे वाट्याला प्रत्येक लेनवर तीन-चार बॉल. पहिले दोन ठरलेल्या रेषेवर टाका, एक मुद्दाम दोन बोर्ड बाहेर टाकून किती परत येतो ते बघा, आणि शेवटचा दहाव्या पिनवर, प्लॅस्टिकच्या बॉलने. डावी आणि उजवी लेन सारखी वागत नाही, दोन्हींची वेगळी नोंद ठेवा. गेमनंतर जोडी बदलते तेव्हा नव्या जोडीवर आधी कोण खेळलं ते पाहून ठेवा. तिथे डावखुरे जास्त असतील तर उजवी बाजू अजून ताजी मिळते.

स्पेअरला हुक (वळणारा बॉल) वापरू नका. सपाट पॅटर्नवर तोच बॉल प्रत्येक गेमला वेगळा वळतो आणि दहाव्या पिनसमोर गटार असतंच. प्लॅस्टिक, सरळ, लेन तिरकी ओलांडून. सहा गेममध्ये एकट्या पिनचे सगळे स्पेअर घेतलेत तर या पॅटर्नवर तेवढ्यानेही बराच वर राहाल.

---

दहावी_पिन

हे छापून घेतोय. शेवटचे दोन प्रश्न. काउंटरवर 'ब्रॅकेट' म्हणून वेगळे पाच डॉलर घेतात, ते काय असतं? आणि बुटांचे तळ बदलावे लागतील का?

---

स्क्वॉड_ब

ब्रॅकेट म्हणजे आठ जणांची बाद फेरी, तुमच्या स्पर्धेच्याच तीन गेमवर. पहिल्या गेमला चार जोड्या, जास्त गुणवाला पुढे, मग दोन जोड्या, मग एक. आठ जणांचे पाच-पाच म्हणजे 40 डॉलर, त्यातले साधारणपणे विजेत्याला 25, दुसऱ्याला 10, उरलेले 5 आयोजकांचे. पूर्णपणे ऐच्छिक आहे. हँडिकॅपचं ब्रॅकेट आणि स्क्रॅचचं वेगळं असतं, तुम्ही फक्त हँडिकॅपचं घ्या, तेही एक-दोन.

---

तीन_अष्टमांश

बूट: कोरड्या हवेत अ‍ॅप्रोच (लेनआधीची पावलं टाकायची जागा) जास्त घसरतो. तळ बदलता येणारे बूट असतील तर सध्या एस-8 लावलेला असेल, सोबत एस-6 आणि एस-10 न्या. आकडा मोठा तेवढी घसरण जास्त. टाच तीच राहू द्या, एका वेळी एकच गोष्ट बदला. तळ साधे असतील तर दबलेलं लेदर खरवडायला तारेचा ब्रश ठेवा. पावडर मात्र बुटाला किंवा अ‍ॅप्रोचवर लावायची नाही, नियमाने बंदी आहे. आणि स्वच्छतागृहात जाताना बुटांवर कव्हर चढवा. ओला तळ घेऊन फाउल लाइनपाशी आलात तर पाय जागीच चिकटतो आणि माणूस तोंडावर पडतो.