मदत हवी आहे: कॅसेट डेक जलद चालतोय, बालगीतांची पट्टी चढते

जुन्या बालगीतांच्या सी-६० कॅसेट डिजिटल करायच्या आहेत. ३००० हर्ट्झचा स्थिर स्वर असलेल्या टेस्ट टेपवर डेक ३१८० दाखवतो, म्हणजे ६ टक्के जलद. सफेद एकचं गाणं काळी एकमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर वाजतं! मोटरच्या मागच्या भोकातून वेग जुळवायचा प्रीसेट (छोटा स्क्रू) फिरवला की वेग जागेवर येतो, पण मोटर तापली की पुन्हा चढतो. बेल्ट नवा आहे, पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलाय. मोटरच बदलावी का? १२ व्होल्ट, २४०० आरपीएम, फिरण्याची दिशाही तीच हवी. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अशी मोटर कोणाकडे मिळेल?

दुसरं, घरच्यांचे कान लहानपणापासून त्या चढ्या पट्टीलाच सरावलेत. बरोबर वेगातलं गाणं त्यांना रेंगाळल्यासारखं वाटतं. म्हणून मूळ प्रत योग्य वेगात ठेवून घरच्यांसाठी ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ने ६ टक्के वाढवलेली प्रत काढायचा विचार आहे. ‘चेंज पिच’ नको, त्यात लय तशीच राहते आणि आवाजही कृत्रिम होतो. यापेक्षा बरा मार्ग आहे?

काही कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी आहे (पुण्याचा पावसाळा, दुसरं काय). त्या डेकमध्ये घातलेल्या नाहीत, हेडवरून बुरशी इतर टेपना लागते. शहरात कोणी साफ करून देतं का?