शब्दचर्चा: प्लेटमधली जखम ‘भरते’ की ‘बुजते’?

खानापूरहून प्रश्न: माझी भाची बेळगावात बायोटेक्नॉलॉजी करते. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये, म्हणजे उथळ ताटलीत, पेशी वाढवून त्यांवर ‘वूंड हीलिंग’ची चाचणी घेते. घरी तिनं ‘जखम भरण्याची चाचणी’ असं सांगितलं, तर आजीनं विचारलं, “जखम कुणाला झाली गं?” मराठीत याला नेमकं काय म्हणावं? आणि ‘सेल मायग्रेशन’ला ‘पेशींचं स्थलांतर’ चालेल का?

टिळकवाडीहून उत्तर: आजींचा प्रश्न रास्त आहे. प्लेटच्या तळाला पेशींचा एकेरी थर दाट पसरला, की पिपेटच्या (द्रव मोजून घ्यायच्या नळीच्या) २०० मायक्रोलिटरच्या टोकदार टिपने त्यावर सरळ रेघ ओढतात. सुटलेल्या पेशी धुऊन काढतात आणि त्याच जागेचे फोटो लगेच, मग १२ तासांनी, २४ तासांनी असे घेतात. ‘इमेज-जे’ या सॉफ्टवेअरवर मोकळ्या पट्ट्याचं क्षेत्रफळ मोजून तो किती टक्के घटला ते काढतात. यात रक्त नाही, सूज नाही, खपली नाही. अंगावरची खोल जखम तळातून मांस धरत वर येते, म्हणून ती ‘भरते’. इथं दोन्ही काठांच्या पेशी एकमेकींकडे सरकतात आणि पट्टा ‘बुजतो’. तेव्हा ‘ओरखडा चाचणी’ म्हणा, आणि निकालात ‘ओरखडा इतके टक्के बुजला’ असं लिहा.

‘जखम भरली’ हे उंदरावर किंवा माणसावर बघितलेल्या गोष्टीसाठीच राखून ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं. अमक्या पाल्याच्या अर्कानं प्लेटमधला ओरखडा लवकर बुजला, एवढ्यावरून ‘या पाल्यानं जखम भरते’ अशी बातमी होते. मग एखादा मधुमेही माणूस पायाच्या चिघळलेल्या जखमेवर तोच पाला वाटून बांधतो आणि डॉक्टरकडे जायला उशीर करतो.

निपाणीहून: ‘बुजणे’ म्हटलं की मला बुजलेला बैलच आठवतो. ‘मिटणे’ का नको? आमच्याकडं तर जखम ‘वाळली’ म्हणतात. कन्नडात जखमेला ‘गाय’ म्हणतात, तो आपल्या ‘घायाळ’मधल्या ‘घाय’चा भाऊच.

टिळकवाडी: कानात काही घातलं नाही की टोचलेलं भोक ‘बुजलं’ म्हणतोच की आपण! मिटलेला डोळा पुन्हा उघडतो, बुजलेलं भोक पुन्हा टोचावं लागतं. ‘वाळली’ मात्र इथं अजिबात नको. प्लेटमधल्या पेशी वाळल्या तर मेल्याच.

‘स्थलांतरा’चं म्हणाल, तर बॉयडेन या शास्त्रज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीला तो शब्द शोभतो. तिथं वरच्या कप्प्यातली एकेक पेशी पडद्याच्या बारीक छिद्रातून, बऱ्याचदा ८ मायक्रोमीटरच्या, खालच्या बाजूला जाते. पडद्याखाली चिकटलेल्या पेशी जांभळ्या रंगानं रंगवून मोजतात. ओरखड्यात त्वचेच्या पेशी शेजारणीला धरूनच पुढं येतात, म्हणून ‘सरकणं’ बरं. पण पेशी सरकल्या की नुसत्या संख्येनं वाढल्या? हे वेगळं करायला सिरम (पेशींना वाढवणारा रक्तातला द्रव) कमी ठेवतात किंवा मायटोमायसिन-सी हे औषध देऊन विभाजन रोखतात. ती काळजी घेतली नसेल तर नुसतं ‘बुजला’ लिहावं, ‘सरकल्या’ लिहू नये.

खानापूर: भाची विचारतेय, सिलिकॉनचा साचा ठेवून दोन्ही बाजूंना पेशी वाढवल्या आणि मग साचा उचलला, तर? तिथं ओरखडाच नाही.

टिळकवाडी: मग ‘फट’ म्हणा. तिची रुंदी साच्यावर ठरते, बहुधा ५०० मायक्रोमीटर, आणि काठाच्या पेशी खरचटलेल्या नसतात. अहवालात ‘ओरखडा’ आणि ‘फट’ वेगवेगळे लिहायला सांगा तिला.