मदत हवी आहे: वॉर मेमोरियलचं वॉटरकलर स्केच

पुण्यात घोरपडीजवळचं सदर्न कमांडचं वॉर मेमोरियल, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं, १९९८ साली १५ ऑगस्टला सुरू झालेलं, ते जागेवर बसून वॉटरकलरमध्ये करायचंय. तिथलं मिग-२३ विमान राखाडी, वरचं पावसाळी आभाळही राखाडी, त्यामुळे कडाच दिसत नाहीत. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून ग्रे करते (तयार मिळणारा पेन्स ग्रे मला फार मेलेला वाटतो), मग आभाळ थंड आणि विमान उबदार ठेवू का, की मागच्या झाडांचा गडद हिरवाच पंखाखाली ओढू? आणि शहीदांची नावं कशी सुचवायची? नुसत्या रेघोट्या मारणं बरं नाही वाटत आणि अक्षरं तर ए-फाईव्ह कागदावर मावणार नाहीत. ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग ओढणं, चालेल का? कागद ३०० जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस (थोडा खडबडीत) आहे.